मारबतीनं नेलेलं गॅरेज

आमच्या गल्लीत मोटार कोणाकडेच नव्हती, पण गॅरेज एक होतं. ते खुशालचं. तोंडावर सगळे त्याला खुशालजी म्हणायचे, वयानं मोठा म्हणून मीही म्हणायचे. इथं म्हणणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं सांगणारे खूप भेटतात. त्याच्याबद्दल चांगलं काय बोलायचं हे मात्र त्यांतल्या एकानंही मला अजून सुचवलेलं नाही.

खुशालची सारी नोकरी फॅक्टरीत, शेवटी जवाहरनगरच्या, सामानाच्या स्टोअरमध्ये गेली. वस्तू फळीवर नीट ठेवायची आणि कोणी मागायला आलं की त्याला दहा प्रश्न विचारायचे, हे त्याचं काम. ते त्यानं इतकं मन लावून केलं की त्याच्या डोक्याला दुसरं काही करायची सवयच राहिली नाही. स्वतः दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहून त्यानं साहेबलोकांचे बंगले पाहिले. बंगल्यातली झाडं, व्हरांडे, पोरांचे झोके यांतलं त्याला काही आवडलं नाही. आवडलं ते गॅरेज.

त्र्याहत्तर साली रिटायर होऊन तो बायकोला घेऊन आंधळगावला परत आला आणि बापाच्या जागेवर त्यानं घर बांधायला काढलं. घराआधी गॅरेज बांधलं. पक्क्या विटांच्या भिंती, सिमेंटची गुळगुळीत जमीन, वर पत्रे, दोन पल्ल्यांचं रुंद दार आणि दारापुढे मोटार चढायला उतार. गॅरेज झाल्यावर जे काही उरलं त्यात घर उरकलं: मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, दोन अंधाऱ्या खोल्या आणि पुढे सपरी, म्हणजे तुमच्याकडची ओसरी. पावसाळ्यात घराच्या भिंती हात लावला तर चिकटायच्या. गॅरेज ठणठणीत कोरडं.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तरीण होते आणि माझं दार त्या गॅरेजच्या दारासमोर. त्यामुळे हे सगळं मला कोणाकडून ऐकावं लागलं नाही, रोज पाहावंच लागलं. पहिल्याच वर्षी मी त्याला विचारलं, "खुशालजी, मोटार कधी येते?"

"येईन ना बाई," तो म्हणाला. "पह्यले जागा पाहिजे. जागा असली का वस्तू आपोआप येते."

यातलं अर्धं खरं ठरलं. वस्तू आल्या. मोटार सोडून सगळ्या आल्या. आधी भंडाऱ्याच्या कबाड्याकडून कुठल्यातरी मोडक्या जीपचं स्टिअरिंग आलं, मोटारीची सुरुवात म्हणून. मग रबरी फुग्याचा भोंगा आला. मोटारीचे अवयव तिथंच थांबले आणि तुमसरच्या बाजारातून दर आठवड्याला बाकीचं जग यायला लागलं. सायकलींचे मडगार्ड, छत्र्यांच्या काड्या, बिनकाचेचे कंदील, पेटाऱ्यांच्या फळ्या, ट्रकचे टायर, पाडलेल्या घरांच्या दाराच्या चौकटी, पाती नसलेले पंखे, आणि डबे. डालड्याचे, रॉकेलचे, बिस्किटाचे, चपटे, उभे, झाकणाचे, बिनझाकणाचे. "कामात येते," हा त्याचा मंत्र. कोणाच्या कामात, ते विचारायचं नाही. त्या घरातली चालती वस्तू एकच, त्याची सायकल, आणि ती बाहेर पावसात गंजत उभी असायची, कारण गॅरेजात तिला जागा नव्हती.

तुम्हाला वाटेल आत पसाऱ्याचा ढीग असेल. ढीग असता तर मी त्याला माफ केलं असतं. आळशी माणूस गावात काही नवा नव्हता. पण खुशाल आळशी नव्हता हो, तेच तर दुखणं. आत गेलं की फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये गेल्यासारखं वाटायचं. भिंतीला फळ्या, फळीवर डबे उंचीप्रमाणे, डब्यांची तोंडं एका दिशेला. मडगार्ड एकात एक. छत्र्यांच्या काड्या मोळ्या बांधून. मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. बायको घरात ओल्या लाकडांनी चूल पेटवताना खोकत असायची आणि हा गॅरेजात उभा राहून एका डब्याचं तोंड बोटभर डावीकडे फिरवायचा, मागे सरून बघायचा, आणि परत उजवीकडे आणायचा. नवरा कामात आहे असं तिनं समजायचं.

दिवाळीच्या आधी तर आमच्या गल्लीला शिक्षाच असायची. बाकीचे लोक घर सारवतात, जाळी काढतात, जुनंपानं उकिरड्यावर नेतात. खुशाल गॅरेजातली एकूण एक वस्तू गल्लीत काढायचा. मला शाळेत जायला मागच्या बोळातून, डुकरांच्या सोबतीनं जावं लागायचं. सगळं पुसायचं, उन्हात ठेवायचं, डब्यांना राख लावून घासायचं, आणि मग सगळं परत आत. एका वर्षी उंचीप्रमाणे, दुसऱ्या वर्षी लोखंड एकीकडे आणि लाकूड एकीकडे, तिसऱ्या वर्षी पुन्हा उंचीप्रमाणे. गेलं काय? एक खिळा नाही. उलट दरवेळी लावणी अशी घट्ट बसायची की आणखी थोडी जागा निघायची, आणि जागा निघाली की हा पिशवी घेऊन तुमसरला. साफसफाई करून घर भरणारा माणूस मी तो एकच पाहिला.

देण्याच्या नावानं मात्र पूज्य. एकदा माझी बादली विहिरीत पडली. बादली काढायला गळ लागतो, आणि खुशालकडे भिंतीला तीन गळ टांगलेले, मोठा, मधला, लहान, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी मागायला गेले. त्यानं कुठली विहीर, कसली बादली, पाणी किती खोल, सगळं विचारलं. आणि म्हणाला, "देला असता बाई, पन मधला काढला का लाइन बिघडते." माझी बादली अजून त्या विहिरीत असेल. असा प्रसंग घराघरात घडलेला होता. कोणाला बिजागरी नाकारलेली, कोणाला दोरी, कोणाला बाळंतिणीच्या खोलीला आडोसा म्हणून एक फळी. लोक हसायचे, नावं ठेवायचे आणि विसरायचे. मी विसरणाऱ्यातली नाही.

त्याची बायको मंदाबाई. मूलबाळ नव्हतं. दिसायला मऊ, बोलायला कमी, आणि तिच्या त्या कमी बोलण्यामुळे खुशालनं तिलाही कधीच कुठल्यातरी फळीवर ठेवून टाकलं होतं. तिनं त्याच्याकडे आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात तिनं पहिल्यांदा मागितलं.

झालं असं की तिचे वडील गोमाजी तिकडे नाकाडोंगरीला एकटे राहायचे. म्हातारी आधीच गेलेली, मंदाबाई एकुलती एक. आषाढातल्या झडीत त्यांच्या घराची मागची भिंत बसली आणि म्हाताऱ्याला मुलीच्या दारी यावं लागलं. मुलीच्या घरचं पाणीही पिऊ नये अशा वळणात वाढलेला माणूस. मान वर न करता आला. सोबत एक लोटा, एक घोंगडी आणि काठी. दोन अंधाऱ्या खोल्यांपैकी एकीत चूल आणि धान्याच्या कोठ्या, दुसरीत नवरा-बायको. म्हाताऱ्याची खाट सपरीत पडली. आणि सपरीला पुढून भिंत नव्हती.

त्या वर्षीचा पाऊस वाऱ्याचा होता. आडवी झड यायची आणि खाटेवरची घोंगडी भिजायची. मंदाबाई ती चुलीपुढे वाळवायची तोवर पाठून दुसरी झड. पंधरवड्यात म्हाताऱ्याच्या छातीत खोकल्यानं घर केलं. मोहाडीचा डॉक्टर येऊन गेला. त्यानं औषध दिलं आणि जाताना सांगितलं की औषधानं काही होणार नाही, यांना कोरड्यात झोपवा. नाहीतर हा पावसाळा काही निघत नाही. तो हे सपरीत उभा राहून सांगत होता आणि त्याच्या पाठीशीच गॅरेजचं कोरडं ठाक दार होतं.

त्या संध्याकाळी मंदाबाई माझ्याकडे पीठ मागायच्या निमित्तानं आली आणि परत जाताना गॅरेजच्या दारात थांबली. मी माझ्या दारातून सगळं ऐकलं. ऐकायला नको होतं असं मला मुळीच वाटलं नाही.

"अजी," ती म्हणाली, "हे खोली खाली करून द्या ना. बाबाले इथं झोपवतो."

खुशाल आत टायरवर बसून काहीतरी पुसत होता. "खाली? मंग माल कोठं ठेवू?"

"सपरीत ठेवा."

"सपरीत? पानी येते ना तठी!"

हे तो बोलला. ओठावरून निघून त्याच्याच कानापर्यंत आलं असेल, पण डोक्यात काही पोचलं नाही. डब्याला पाणी लागतं, सासऱ्याला लागत नाही.

"बाबा मरून राहिले जी," ती म्हणाली.

"मी का नाई म्हनतो का? मामाजीची सोय करू ना. पन एवढी लाइन मोडाची म्हंजे सोपं हाये का? दिवाळीले पाहू."

म्हाताऱ्यानं दिवाळीपर्यंत भिजत थांबायचं होतं. अगदीच काही केलं नाही असं मात्र नको म्हणायला. त्यानं एक फाटकी ताडपत्री शोधून सपरीला लावून दिली. एक रात्र ती राहिली. सकाळी बघतो तर ओली झालेली. मग त्यानं ती काढली, झटकली, वाळवली, घडी केली आणि जागच्या जागी ठेवून दिली. खराब झाली असती ना!

श्रावण असा खोकण्यात गेला आणि पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी घरोघर दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या करतात. त्यांना मेढे म्हणतात. वर्षभरातली ईडापीडा, राईरोग, ढेकूण-डास सगळं ते मेढे अंगावर घेतात अशी समजूत. मारबत ही रोगपीडा घेऊन जाणारी; दुसऱ्या दिवशी पहाटे तिची मिरवणूक निघते. मग हे मेढे उपटायचे, ओरडत, थाळ्या वाजवत गावाच्या शिवेपार नेऊन फेकायचे आणि मागे न बघता यायचं. मारबतीसोबत गेलेली वस्तू परत गावात आणत नाहीत. आणली तर फेकलेला रोग तिच्यावर बसून परत येतो.

त्या साली गॅरेजात उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. पेटाऱ्यांच्या खालच्या फळ्या तिनं आतून पोकळ केल्या होत्या. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आपण तेव्हाच पाहिलं, असं मंदाबाई मला म्हणाली. रॉकेल टाकून झालं, राख टाकून झाली. पोळ्याच्या दुपारी त्याच्या बापाकडून आलेल्या शेतावरच्या गड्यानं दोन मेढे आणून घराच्या दाराशी टेकवले, आणि मी माझ्या दाराला मेढे बांधत असताना पाहिलं, की खुशालनं ते दोन्ही उचलले आणि गॅरेजात नेले. एक टायरात रोवला आणि दुसरा फळ्यांच्या चळतीत खोचला.

"अजी, घराच्या दाराले काय लावता मंग?" मंदाबाईनं विचारलं.

"घरात कोनाले काय झालं हाये? मालाले कीड लागून राहिली. तिले घेऊन जाईन मारबत."

सपरीतून खोकला ऐकू येत होता तेव्हा तो हे म्हणाला. मंदाबाईनं वडिलांकडे पाहिलं, मग गॅरेजातल्या त्या हिरव्या फांद्यांकडे पाहिलं, आणि आत गेली. मला वाटलं नेहमीसारखी गप्प बसली. थोड्या वेळानं ती मागच्या दारानं धुरपताबाईकडे गेली, हे मला नंतर कळलं.

धुरपताबाई गावची म्हातारी दाई. अर्धं गाव तिच्या हातून जगात आलेलं, त्यामुळे गावातल्या रीतिभातींत तिचा शब्द शेवटचा. पहाटे झुंजुमुंजू व्हायला मारबत आमच्या गल्लीत शिरली, तेव्हा थाळ्या वाजवणाऱ्यांच्या पुढे ती होती. प्रत्येक दारातले मेढे निघत होते. "ईडापीडा, राईरोग घेऊन जा गे मारबत!" खुशालच्या दारापाशी ती थांबली.

"तुह्ये मेढे कोठं रे खुशाल?"

"आत लावले माय. मालाजवळ."

धुरपताबाईनं कपाळाला हात लावला. इतका चांगला हात कपाळाला लावलेला मी तमाशातही पाहिलेला नाही. "अरे अभाग्या! मेढा दाराच्या भाईर लावते. आत लावला म्हंजे साऱ्या गावची पीडा आत बलावली तू. आता ज्या ज्या वस्तूले तो मेढा लागला ते सारं मारबतीचं झालं. काढा बापा लवकर!"

हा नियम मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही कधी ऐकला नाही. खुशालही म्हणाला, "असं कोठं असते का?"

"नाई ना? मंग मेढ्यात काई दम नाई म्हन. साऱ्यायसमोर म्हन एकडाव."

खुशाल ते कसं म्हणणार? मेढ्यात दम आहे म्हणूनच तर घराचं दार उघडं टाकून त्यानं ते डब्यांना लावले होते. आणि तेवढ्यात मंदाबाई पदर खोचून पुढे आली. तिनं टायरातला मेढा उपटला, टायर ढकलत उतारावरून गल्लीत सोडला आणि ओरडली, "घेऊन जा गे मारबत!" तिचा एवढा मोठा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग काय विचारता. गावाला एकदम धर्म आठवला. ज्यांना बिजागरी मिळाली नव्हती, ज्यांना फळी मिळाली नव्हती, ते सगळे पीडा काढायला आत घुसले. डबे निघाले, चौकटी निघाल्या, मोळ्या निघाल्या. भोंगा कोणीतरी वाजवत नेला. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तिन्ही गळ मी स्वतःच्या हातानं नेले. खुशाल प्रत्येकाच्या मागे पळत होता. "फेकू नोका! सरळ धरा! तो उभा डब्बा हाये, आडवा नोको करू!" गावाबाहेर बोडी आहे, म्हणजे लहान तलाव. तिच्या पाळीपलीकडे, मोहाच्या झाडाखाली सगळं पडलं. लोक मागे न बघता गावात आले. मी बघितलं. खुशाल चिखलात बसून डबे उंचीप्रमाणे लावत होता.

दुपारपर्यंत मंदाबाईनं गॅरेज धुऊन काढलं आणि म्हाताऱ्याची खाट आत टाकली. संध्याकाळी खुशाल परत निघाला, काखेत स्टिअरिंग आणि हातात दोन डबे. शिवेवर पानठेल्याजवळ माणसं उभीच होती.

"तुमी या ना खुशालजी," तेजराम गाडीवाला त्याला म्हणाला. "तुमाले कोन रोखते? डब्बे तेवढे तठीच."

गावात घर, घरात भात शिजलेला, बायको वाट बघते आहे. कोणीही शहाणा माणूस दोन डबे खाली ठेवून घरी गेला असता. खुशाल परत मोहाखाली गेला. पाऊस होता म्हणून त्यानं तीन चौकटी उभ्या केल्या, त्यांना फळ्या ठोकल्या, वर ती ताडपत्री टाकली आणि आत बसला. इतक्या वर्षांत त्या सामानाचा झालेला हा पहिला उपयोग. आधी वाटलं एक-दोन दिवसांचा तमाशा असेल. महिना गेला, दिवाळी गेली, धान कापणीला आलं, आणि खुशाल तिथंच. चौकटींची झोपडी वाढत गेली.

मंदाबाई रोज त्याला डब्यात वरणभात पाठवायची. डबा परत यायचा नाही. नवा पाठवला, तोही आला नाही. घरातले सगळे डबे संपले तेव्हा तिच्या लक्षात आलं आणि ती पळसाच्या पानात बांधून पाठवू लागली. पानं तरी ठेवत नसेल अशी आशा करायची.

एकदा ती स्वतः त्याला बोलवायला गेली, मी सोबत गेले. त्याला आनंद झाला. आनंद आम्हाला बघून झाला असं नाही. त्याला सुतळीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. नवी फळी किती लांब लागेल ते मोजायचं होतं. मंदाबाईनं टोक धरलं. त्यानं मोजलं. मग ती म्हणाली, "चला ना घरी."

"माल घेऊन देत असन तर येतो."

"तठी बाबा हायेत."

"मंग कसं जमन?" तो म्हणाला, आणि पुढची फळी उचलली. परत येताना मी गावापर्यंत त्याला शिव्या देत आले.

गोमाजी त्या खोलीत तीन हिवाळे जगले. कोरड्या जमिनीनं खोकला पळवला. दोन्ही पल्ले उघडे टाकून ते दारात अंबाडीचे दोर वळत बसायचे, आणि वळलेला दोर ज्याला हवा तो घेऊन जायचा. एवढ्या मोठ्या खोलीत त्यांची खाट, लोटा, काठी, बाकी सगळी रिकामी जागा. आम्ही बाया दुपारी तिथंच निवडणं-टिपणं घेऊन बसायचो. म्हाताऱ्याला एकच सल. "जवाईबापूले आन वं मंदे. माह्यापायी मानूस घराभाईर झाला."

"तुमच्यापायी नाई बाबा," ती म्हणायची. "डब्ब्यायपायी."

एक्याऐंशीच्या माघात म्हातारा झोपेत गेला. खुशाल मातीला आला, खांदा दिला, उगाच नाही म्हणणार नाही. त्या दिवशी तो खोलीकडे बघत होता. तेरवीला आला नाही. जेवणं उरकली, पाहुणे गेले, मंदाबाई आणि मी भांडी आवरत होतो, तेव्हा तेजरामची गाडी गल्लीत शिरली. गाडीवर डबे, चौकटी, मोळ्या, सगळं दोरीनं आवळलेलं. पुढे खुशाल. मधल्या वर्षांत पोळ्याला पोळ्याला त्यानं झोपडीला बाहेरून मेढे लावले होते आणि सकाळी स्वतःच नेऊन फेकले होते. त्यामुळे माल आता शुद्ध झाला असा त्याचा हिशेब. गावानंही अडवलं नाही. गाव केव्हाच कंटाळलं होतं.

"खोली खाली झाली ना?" त्यानं विचारलं.

वडिलांची तेरवी झालेली बाई समोर उभी आहे, आणि हा तिला विचारतो खोली रिकामी झाली का. माझ्या हातात पितळी गंज होता, भाताचं पातेलं. तो मी त्याच्या डोक्यात घातला नाही, याचं श्रेय मला आजवर कोणी दिलेलं नाही.

मंदाबाई शांत होती. "झाली," ती म्हणाली. "या. हातपाय धुवा. भात हाये अजून."

"आन माल?"

"मालाले या घरात जागा नाई. तुमाले हाये. कई नव्हती?"

तो आत आला. तिनं त्या खोलीत त्याला पान वाढलं, भात, वरण, वडे, आणि समोर बसली. किती वर्षांनी समोरासमोर बसली असेल. तो खात होता, पण त्याची नजर भिंतीवर. डोळ्यांनी त्यानं एक फळी इकडे लावली, एक तिकडे, डबे उंचीप्रमाणे चढवले. मला दारातून दिसत होतं. अर्ध्या भातावर त्यानं हात थांबवला.

"दोऱ्या ढिल्या हायेत वाट्टे," तो म्हणाला. "पाहून येतो."

आणि उठला. हात धुतला, बाहेर गेला, गाडीवर चढून दोऱ्या ओढून पाहिल्या. दारात मंदाबाई येऊन उभी राहिली होती. तो तिच्याकडे बघेल असं मला वाटलं. त्यानं तेजरामला बैल फिरवायला सांगितलं. गल्लीच्या वळणापर्यंत डबे वाजत राहिले. पुढे त्या मोहाखालीच तो चार वर्षांनी मेला. पण माझ्या लेखी तो त्या दुपारीच संपला.

मंदाबाई आत येऊन त्या अर्ध्या पानापुढे बसली.

"बाई, मले वाटलं खोली खाली दिसली त मी दिसन," ती म्हणाली. "त्याईले खालीच खोली दिसली."

तिनं पान उचललं, बाहेर गाईपुढे टाकलं, हात धुऊन आली आणि गंजातला उरलेला भात मला वाढायला लागली. माझं पोट भरलेलं होतं. मी मुकाट्यानं जेवले.